माळ एकच, ड्रायव्हर एकच

प्रश्न : बाल्कनीतल्या हायड्रोपोनिक पालक-लेट्युससाठी 3 वॅटचे 12 पांढरे एलईडी घरीच जोडले. चार-चारच्या तीन माळा 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर आहेत. एक माळ जास्त उजळली आणि जळली. आता दुसरीही तेच करते आहे.

उत्तर : एलईडी बिचारे निर्दोष आहेत, जोडणी चुकली. एलईडी तापला की त्याला लागणारा व्होल्टेज उतरतो. अडॅप्टर मात्र 12 व्होल्ट सोडत नाही, म्हणून करंट वाढतो, एलईडी आणखी तापतो. जी माळ आधी तापेल ती आधी जाते.

जळालेले बदला आणि बाराही एलईडी एकाच माळेत, प्लसला मायनस असे जोडा. प्रत्येकी सुमारे 3.2 धरले तर एकूण 38 व्होल्ट. त्यासाठी 600 मिलिअँपिअरचा, 30 ते 42 व्होल्ट देणारा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर घ्या. दुकानदार 'अडॅप्टरच चालेल' म्हणेल, ऐकू नका. आधी माळ जोडा, मगच ड्रायव्हर सुरू करा. चालू ड्रायव्हरला माळ लावली तर साठलेल्या चार्जच्या झटक्यानेच एलईडी जातात.

ड्रायव्हर आयसोलेटेडच हवा. खाली पाणी आणि खतांचं द्रावण आहे! तो टाकीच्या वर नको, बाजूला भिंतीवर लावा. हीटसिंकला अर्थिंग करा, मागे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असू द्या. एलईडीखाली थर्मल पेस्टचा पातळ थर पुरतो; लोक लोण्यासारखी थापतात.