दारू सोडून घरी आलात? संध्याकाळ अशी लावा

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलात, झकास! सकाळ-दुपार कामात निघून जाते. खरी गोम आहे ती संध्याकाळी सहा ते दहाची. चला, ती लावून घेऊ.

थांबा, अजून रोज पीत असाल तर पुढचं वाचायच्या आधी डॉक्टर गाठा. रोजची भरपूर दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. हे घरी अंगावर काढायचं काम नाही.

१. डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरल्या वेळी घ्या. ती डायसल्फिराम, म्हणजे दारूशी अजिबात न जमणारी गोळी, असेल तर खोकल्याचं औषध आणि टॉनिक घेण्याआधी बाटलीवर अल्कोहोल लिहिलंय का बघा. आणि घरच्यांनो, ही गोळी कुणाच्या आमटीत गुपचूप घालायची नाही, जिवावर बेतू शकतं.

२. सुट्टीच्या दिवशी दुपारी लपवलेल्या बाटल्या काढून बेसिनमध्ये ओता. माळा, गाडीची डिकी, पाण्याच्या टाकीची मागची बाजू; जागा तुम्हालाच ठाऊक! हे एकट्याने करू नका, शेजारी कुणीतरी उभं हवं. ‘पाहुण्यांसाठी ठेवू’ म्हणून एकही मागे ठेवायची नाही.

३. कामावरून घरी यायचा रस्ता बदला. वाटेत नेहमीचं दुकान नको, नेहमीचा कट्टाही नको. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली तर लागू द्या.

४. निघताना घरी फोन करा: “निघालोय, सातपर्यंत पोचतो.” उशीर होणार असेल तर सात वाजायच्या आत पुन्हा कळवा.

५. दार उघडणाऱ्याला तुमचा वास घेऊ द्या. हो, घेतात. बायको चप्पल सरकवायच्या निमित्ताने जवळ येते, आई उगाच पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहते. इथे ‘अजून विश्वास नाही का?’ म्हणून भडकलात की सगळी संध्याकाळ नासली. हसा आणि आत या. महिनोन् महिने चालेल हे, आणि त्यांचं चुकतही नाही.

६. लगेच काहीतरी पोटभरीचं खा. थालीपीठ, उपमा, दोन केळी, काहीही चालेल. फक्त खारे शेंगदाणे आणि चकली सध्या नको, चखण्याची आठवण लगेच येते.

७. तलफ आली तर घड्याळ बघा आणि अर्धा तास काढा. बहुतेक वेळा तेवढ्यात ती चढते आणि उतरते. ‘एकच पेग’शी वाद घालत बसू नका, हराल.

८. तरी उतरत नसेल तर फोन लावा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमधला तुमचा स्पॉन्सर असेल तर त्याला, नाहीतर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकाला. तिथे मराठीत बोलता येतं. प्यायल्यावर नव्हे, आधी!

९. जेवताना घरच्यांना त्यांचा दिवस विचारा. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ नका, त्या शपथा त्यांनी ऐकल्यात आणि मोडतानाही पाहिल्यात. जुनं उकरून कुणी बोललं तर मध्ये ‘पण’ न घालता ऐका. मुलगी उत्तर न देता ताट घेऊन उठली तर उठू द्या, उद्या पुन्हा विचारा. खिशात चॉकलेट घेऊन लाच द्यायला जाऊ नका, पोरं ओळखतात.

१०. ठरल्या वेळी दिवा बंद करा. सुरुवातीचे काही आठवडे झोप तुटक लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेजाऱ्याची झोपेची गोळी मात्र अजिबात नको.

११. पाय घसरलाच, तर त्याच रात्री घरात सांगा. लपवलेल्या पहिल्या घोटाला दुसरा लगेच फुटतो. डायसल्फिराम चालू असताना किंवा थांबवून दोन आठवडे व्हायच्या आत प्यायलात आणि चेहरा लाल झाला, छाती धडधडली, उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा, आणि गोळीचं पाकीट बरोबर न्या.