तिळवण : तिची ओळख व लागवड

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या कीं गांवाबाहेरील उकिरड्याच्या कडेला, पडीक रानांत व वाटेच्या दोन्ही बाजूंस तिळवण उगवते. आपल्या मायबहिणी तिच्या कोंवळ्या पानांची भाजी करितात. आणि पुष्कळ घरीं मुलाचा कान दुखूं लागला म्हणजे तिचा रस त्याच्या कानांत पिळतात. या दुसऱ्या चालीमुळेंच हा पाठ लिहिणें अवश्य वाटलें. परंतु आधीं वनस्पति नीट ओळखूं या.

पांढरी तिळवण हात-दोन हात उंच वाढते. खोडावर चिकट लव असते. पानाच्या देठाच्या टोंकाशीं पसरलेल्या बोटांप्रमाणें बहुधा पांच दलें असतात, कधीं तीन, कधीं सात. एवढें पाहून थांबूं नये, कारण पंजासारखीं पानें दुसऱ्याही झाडांस असतात. खरी खूण फुलांत आहे. चार पांढऱ्या किंवा किंचित् गुलाबी पाकळ्यांमधून एक लांब दांडी वर निघते. त्या दांडीवर मध्येंच सहा पुंकेसर फुटतात, आणि दांडी तशीच पुढें वाढून तिच्या टोंकास शेंग धरते. पाकळ्या खालीं व केसर असे अधांतरीं, ही रचना एकदां पाहिली म्हणजे विसरत नाहीं. लिनीयस यानें १७५३ सालीं हिचें जें शास्त्रीय नांव ठेविलें, त्यांतही याच रचनेचा निर्देश आहे.

पिवळी तिळवण हिची बहीण. तिचीं फुलें पिवळीं, केसर पुष्कळ, आणि मधली दांडी मुळींच नाहीं. तिला कानफुटी म्हणतात. पण फुग्यासारख्या फळांची कपाळफोडी नांवाची वेल आहे, तिलाही कांहीं ठिकाणीं कानफुटीच म्हणतात! तेव्हां नांवावर विसंबूं नये, फूल पाहावें.

अखंड पानाला फारसा तिखटपणा नसतो. तो चुरडल्यावर येतो. पानांत दोन पदार्थ वेगवेगळे ठेवलेले असतात, ते एकत्र होतांच झणझणीत तेल उत्पन्न होतें. मोहरी फेसतांना हेंच घडतें, व तिळवण मोहरीच्या कुळाची निकटची नातलगच आहे. मिरीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. ठेंचलेलें पान कातडीवर बांधून ठेविलें तर कातडी लाल होते, फोडही येतात. मग कानांतील नाजूक त्वचेचें काय होईल? आणि पडदा फुटलेला असल्यास रस थेट आंत जाईल. आमच्या आजीनें हेंच केलें व गुण आला, असें कोणी म्हणेल. कानाचा ठणका पुष्कळदां दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतो, आणि श्रेय रसाला मिळतें. मुलास डॉक्टरांकडे न्यावें; कानांत कांहीं घालूं नये.

भाजी मात्र खुशाल खावी. कडूपणा जावा म्हणून पानें उकडून पाणी टाकितात. त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व बरेंच जातें, म्हणून थोड्या पाण्यांत थोडाच वेळ उकडावें. आफ्रिकेंत हिची मुद्दाम लागवड होते. झिंबाब्वेंतील शोना लोक हिला न्येव्हे म्हणतात, आणि केनियांत ही दुधांत शिजवितात. आपल्याकडे हिला गरिबाची भाजी समजून नाक मुरडणारे आहेत. त्यांनीं एकवार दुधांत शिजवून पाहावी.

रानांत हिंडण्यापेक्षां घराशेजारीं चार हात जागेंत लावणें सोपें. मका व ज्वारी यांच्याप्रमाणें हिला कडक ऊन मानवतें व पाणी बेताचें पुरतें. साचलेलें पाणी मात्र सोसत नाहीं. उंचवट्याची जागा निवडून थोडें शेणखत मिसळावें. मूळ सरळ खोल जातें, म्हणून रोप न उपटतां बीं जागेवरच पेरावें. वीतभर अंतरानें ओळी करून बीं अगदीं पातळ मातीनें झांकावें. आठवड्याभरांत उगवतें, व महिना-सव्वा महिन्यांत पानें खुडण्यास येतात. शेंडा व कळ्या खुडीत राहिल्यास बाजूस फांद्या फुटून भाजी अधिक दिवस मिळते. फुलोरा आला कीं पानें लहान व कडू होतात.

बियांसाठीं दोन-तीन झाडें न खुडतां ठेवावीं. शेंगा पिवळ्या पडतांच काढाव्या, नाहीं तर तडकून बीं सांडतें. हें ताजें बीं लगेच पेरून उगवलें नाहीं म्हणून कित्येक निराश होतात. त्यास कांहीं महिने विश्रांति लागते. आश्विनांत काढलेलें बीं कोरड्या मडक्यांत ठेवून ज्येष्ठांत पेरावें.