कोबुर्ग : एका चिमुकल्या संस्थानाचा इतिहास

आमच्या आजीच्या पेटीत एक राणीछाप रुपया आहे. त्यावरील व्हिक्टोरिया राणी सर्वांच्या परिचयाची; परंतु तिचे यजमान आल्बर्ट ज्या घराण्यातले, ते सॅक्स-कोबुर्ग-गोथा हे जर्मन संस्थान कसे होते, हा प्रश्न युरोपचा इतिहास अभ्यासताना मला पडला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते थोडक्यात मांडतो.

१८२५ साली गोथाचा राजवंश खुंटला. पुढील वर्षी नातलग संस्थानिकांत वाटणी होऊन गोथा कोबुर्गच्या ड्यूक पहिल्या अर्न्स्टकडे आले. दोन्ही मुलूख एकमेकांस लागून नव्हते. मध्ये थुरिंगियाचा डोंगराळ अरण्यप्रदेश होता. राजा एक, राजधान्या दोन!

एवढ्याशा राज्याचे खरे भांडवल म्हणजे सोयरिकी. अर्न्स्टचा भाऊ लिओपोल्ड १८३१ मध्ये बेल्जियमचा राजा झाला. पुतण्या फर्डिनांड १८३६ मध्ये पोर्तुगालच्या राणीचा, तर धाकटा मुलगा आल्बर्ट १८४० मध्ये व्हिक्टोरियाचा पती झाला. १९०० मध्ये कोबुर्गची गादी व्हिक्टोरियाच्याच सोळा वर्षांच्या नातवाकडे, कार्ल एडुआर्डकडे आली. इंग्लंडात वाढलेला हा ड्यूक पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने राहिला. १९१७ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्याने कोबुर्गचे नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतले. नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीत ड्यूकचे राज्यही गेले.

येथे बहुतेक वंशावळी संपतात. मला मात्र पुढील भागच अधिक महत्त्वाचा वाटतो. ३० नोव्हेंबर १९१९ रोजी कोबुर्गच्या प्रजेचे मत घेण्यात आले. स्त्रियांनाही नुकताच मताधिकार मिळाला होता. थुरिंगियात सामील होण्यास सुमारे ८८ टक्के मतदारांनी नकार दिला. १ जुलै १९२० रोजी कोबुर्ग बव्हेरियात गेले. गोथा थुरिंगियात राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर बव्हेरिया अमेरिकेच्या, तर थुरिंगिया रशियाच्या ताब्यात आला. त्यामुळे १९९० पर्यंत कोबुर्ग पश्चिम जर्मनीत आणि गोथा पूर्व जर्मनीत राहिले. मत देताना हे कोणाच्या स्वप्नातही नसेल!

परंतु प्रजेचे मत नेहमीच शहाणपणाचे असते, असेही नाही. १९२९ मध्ये याच कोबुर्ग शहराने नगरपालिकेत हिटलरच्या पक्षाला बहुमत दिले. असे करणारे ते जर्मनीतील पहिले शहर. माजी ड्यूकही पुढे त्याच पक्षात गेला.

इतिहास म्हणजे राजांची जंत्री, अशी माझी समजूत होती. कोबुर्गचे भवितव्य राजांच्या सोयरिकींपेक्षा सामान्यांच्या मतानेच अधिक ठरले, हे कळल्यावर ती समजूत गेली. आपणही वयाच्या अठराव्या वर्षी मतदार होतो. तेव्हा मतपेटीपाशी जाताना विद्यार्थिमित्रांनी कोबुर्गची ही दोन्ही मते आठवावीत, एवढेच सुचवावेसे वाटते.