पेशीतला कोयना प्रकल्प

दहावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ असतं : मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस. मराठी माध्यमवाले तंतुकणिका म्हणतात, आम्ही कॉन्व्हेंटवाले मायटोकॉन्ड्रिया. पण वाक्य तेच आणि मार्कही तेवढाच, एक. इंजिनिअरिंगला आल्यावर मात्र पुढचा प्रश्न पडायला हवा. पॉवरहाऊस आहे, तर टर्बाइन कुठे आहे? गंमत म्हणजे तिथे खरोखरच टर्बाइन आहे, आणि ते समजून घ्यायला सांगली-साताऱ्यासारखी दुसरी जागा नाही.

आपल्याकडे दोन प्रकारचे प्रकल्प आहेत. म्हैसाळ योजनेत वीज खर्च करून पंप कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि जतसारख्या दुष्काळी भागाकडे नेतात. कोयनेला याच्या उलट. शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे खाली उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि वीज तयार होते. या प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. मायटोकॉन्ड्रिया ही दोन्ही कामं एकाच पडद्यात करतो.

मेसमधली पोळी पचली की तिचं ग्लुकोज होतं. पेशीत आधी ते अर्धवट तोडलं जातं. त्यातून एका रेणूमागे फक्त २ एटीपी हाती लागतात. (एटीपी म्हणजे पेशीचं रोख चलन. स्नायू हलवा नाहीतर विचार करा, पैसे यातच मोजायचे.) उरलेला माल मायटोकॉन्ड्रियात जातो. तिथे त्यातले इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि एकेक पायरी उतरवत शेवटी ऑक्सिजनला दिले जातात. आपण श्वास घेतो तो मुख्यतः एवढ्यासाठीच. या उतरणीत सुटणारी ऊर्जा पंप चालवते आणि ते पंप हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, आतल्या पडद्याबाहेर ढकलतात. हे झालं म्हैसाळ.

आता बाहेर प्रोटॉनचं धरण भरलं. पडद्याच्या दोन बाजूंमध्ये व्होल्टेज साधारण १५० मिलिव्होल्ट. हसू नका! पडद्याची जाडी फक्त ६ नॅनोमीटरच्या आसपास असते. भागाकार करा : मीटरला सुमारे अडीच कोटी व्होल्ट. हवेत मीटरला ३० लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते, हे इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको.

प्रोटॉनना परत आत यायला मुख्य वाट एकच, एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून. येताना ते त्याचा रोटर फिरवतात. आपल्या पेशींत ८ प्रोटॉन गेले की एक फेरी पूर्ण होते आणि ३ एटीपी तयार होतात. हे झालं कोयना. एका ग्लुकोजमागे सगळा हिशोब सुमारे ३० एटीपीवर जातो. कुठे २ आणि कुठे ३०!

ही धरणाची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. कित्येक वर्षं बऱ्याच शास्त्रज्ञांना ती पटली नाही, पण १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळालं. टर्बाइनचं काम उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी जपानमधल्या संशोधकांनी हा रोटर सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष फिरताना पाहिला.

मग हे टर्बाइन जॅम झालं तर? कुपवाड एमआयडीसीत मोटारीचा रोटर अडकला तर ट्रिप होते, फिटर येतो, शिफ्ट पुढे चालू. एटीपीचा मोठा साठा मात्र शरीरात नसतो. दिवसभरात जवळपास आपल्या वजनाइतकं एटीपी वापरून पुन्हा पुन्हा बनवावं लागतं. त्यामुळे हृदय आणि मेंदूला थांबणं परवडत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर सरकारने काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. त्यांतलं एक डायफेन्थियुरॉन. किडीच्या शरीरात त्याचं रूप बदलतं आणि ते नेमकं हेच टर्बाइन अडवतं. किडीचं आणि आपलं टर्बाइन मूळ रचनेने सारखंच आहे. निसर्गाने डिझाइन एकच वापरलं, आणि विषाला कीड कोण नि माणूस कोण हे कळत नाही.

त्याच यादीतलं मोनोक्रोटोफॉस मात्र मज्जासंस्थेवर हल्ला करतं. त्यावर डॉक्टर अॅट्रोपिन देतात. टर्बाइन अडवणाऱ्या विषावर तसा खास उतारा नाही. रुग्णाला सांभाळत उपचार करावे लागतात. म्हणजे कोणतं औषध मारलं होतं, हे डॉक्टरांना कळणं फार महत्त्वाचं.

आपल्या होस्टेलमधल्या कितीतरी जणांच्या घरी द्राक्षबाग, ऊस नाहीतर भाजीपाला आहे. सुट्टीत गेलात की एवढं नक्की सांगा. फवारणी वाऱ्याच्या दिशेनेच करायची, तोंडावर वारा घेऊन नाही. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे हवेतच. मनाने दोन-तीन औषधं एकत्र करायची नाहीत. हात धुतल्याशिवाय तंबाखू, भाकरी काही तोंडात टाकायचं नाही. डब्यावरचा त्रिकोण बघायचा : लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि कुणाला मळमळ, चक्कर, धाप असा त्रास झालाच, तर दवाखान्यात जाताना डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्यायचं.

वडीलधारे म्हणतील, "इतकी वर्षं मारतोय, काही झालं नाही." तेव्हा त्यांना म्हैसाळ आणि कोयना सांगा. पंप आणि टर्बाइन आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.