उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव आणि लोह

कोलकात्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यात गोड्या पाण्याच्या शोधार्थ १८३५ च्या डिसेंबरात जमिनीत विंधणछिद्र घेण्यास प्रारंभ झाला. हे काम १८४० पर्यंत चालले व ४८१ फुटांवर थांबले. स्वतःहून उसळणारे पाणी हाती लागले नाही. परंतु गंगेच्या गाळाखाली काय दडले आहे, याचे पहिले विश्वसनीय दर्शन मात्र घडले. निळसर चिकणमातीच्या जाड थराखाली कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर सापडला. कोणे एके काळी तेथे सुंदरबनासारखे अरण्य होते, असा निष्कर्ष भूवैज्ञानिकांनी त्यावरून काढला.

अशा कुजक्या थरात ऑक्सिजन टिकत नाही, आणि लोहाच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक ठरते. ऑक्सिजनच्या अभावी लोह ‘फेरस’ रूपात पाण्यात विरघळलेले राहते. बंगालमधील कित्येक हातपंपांचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते व भांड्यात ठेवल्यावर तांबूस होते, त्याचे कारण हेच. हवेच्या स्पर्शाने फेरस लोहाचे ‘फेरिक’ लोह बनते आणि ते गंजाच्या रूपाने तळाशी बसते. गंज पेशीला सहजासहजी घेता येत नाही. पृथ्वीच्या कवचात मुबलक असलेल्या या धातूसाठी बहुतेक जीवांना धडपडावे लागते, ते यामुळे.

मग जेथे ऑक्सिजन नाही, तेथे ही अडचण उरू नये, असे वाटेल. ते पुरते खरे नाही. २०२५ मध्ये फोर्ट विल्यमचे ‘विजय दुर्ग’ असे नामांतर झाल्याचे जाहीर झाले. ज्या कोकणातील विजयदुर्गावरून हे नाव घेतले, त्याच कोकणपट्टीत राजापूरजवळील उन्हाळ्यासारखे गरम पाण्याचे झरे आहेत. अशा झऱ्यांवर पुष्कळदा येणारा गंधकाचा वास हा हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. हा वायू फेरस लोहाशी संयोग पावून काळे, अविद्राव्य आयर्न सल्फाइड बनवितो. म्हणजे ऑक्सिजन नसला तरी लोह पुन्हा हातचे निसटतेच.

या पेचात जन्मभर राहणारा एक जीव म्हणजे ‘आर्किओग्लोबस फुल्गिडस’. इटलीतील व्हल्कानो बेटाजवळच्या तप्त सागरतळातून मिळालेल्या या सूक्ष्मजीवाचा शोध १९८७ साली प्रसिद्ध झाला. तो ८३ अंश सेल्सियसच्या आसपास उत्तम वाढतो व सल्फेटवर श्वसन करून हायड्रोजन सल्फाइड स्वतःच निर्माण करतो. आपल्या भोवतीचे लोह तो आपल्याच श्वासाने नाहीसे करतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

लोह न मिळाले तर श्वसनाची प्रथिने बनत नाहीत. फार झाले तर मुक्त लोह पेशीचे घटक पोळून काढणाऱ्या घातक मूलकांच्या निर्मितीस हातभार लावते. सबब आवक मोजूनमापून व्हावी लागते. १९९९ साली केंब्रिजच्या बेल, जॅक्सन व सहकाऱ्यांनी या जीवातील एका नियामक प्रथिनाचे कार्य उलगडले. ‘एमडीआर-१’ असे त्याचे नाव. धातूचे आयन या प्रथिनाला चिकटले की ते डीएनएवरील ठराविक जागा पकडून बसते. जनुकाचे वाचन सुरू करणारी सुरुवातीची प्रथिने आपापल्या स्थानी येतात. परंतु प्रत्यक्ष वाचन करणाऱ्या आरएनए पॉलिमरेझला तेथे पोहोचता येत नाही. धातू आत आणणाऱ्या वाहक यंत्रणेची तीन जनुके अशा रीतीने बंद राहतात. धातू बांधून ठेवणारे रसायन संवर्धनात मिसळले असता वाचन पुन्हा सुरू झाले. विशेष हे, की नियामकाचे स्वतःचे जनुकही त्याच मालिकेत आहे. पहारेकरी स्वतःच्या संख्येवरही पहारा ठेवतो.

हे प्रथिन ज्या कुळातले आहे, त्याचा मूळपुरुष प्रथम घटसर्पाच्या जंतूत ओळखला गेला. या जंतूला लोह कमी पडले की तो अधिक विष तयार करतो, हे १९३६ मध्येच दिसून आले होते. पुढे कळले, की विषाचे जनुक जंतूच्या अंगी शिरलेल्या विषाणूचे असते, पण त्यावरील कुलूप जंतूच्या लोहनियामकाचे असते. मानवी घशात मुक्त लोह अत्यल्प असल्याने कुलूप उघडते. मुलांच्या घशातील मारेकरी आणि सागरतळावरील निरुपद्रवी जीव या दोहोंत एकाच घराण्याचा द्वारपाल आढळावा, हे अपेक्षित नव्हते.

आत आलेले लोहही मोकळे सोडले जात नाही. ते ‘फेरिटिन’ या पोकळ प्रथिनगोलात साठविले जाते. माणसातही हेच प्रथिन असते व दोन्हीकडे ते २४ उपघटकांचे बनते. मात्र आर्किओग्लोबसच्या गोलाला चार मोठी भगदाडे असतात, तशी मानवी फेरिटिनला नसतात.