परिमळ, दरवळ, घमघमाट : मराठीतील गंधवाचक शब्दांचा अभ्यास

'फुलांचा सुगंध सर्वत्र पसरला होता' हे वाक्य निबंधाच्या वह्यांत हमखास सापडते. ते मोगऱ्यालाही चालते, केवड्यालाही आणि सोनचाफ्यालाही. वाक्य शुद्ध आहे. पण ते वाचून कोणते फूल उमलले ते कळत नाही. यात विद्यार्थ्यांचा फारसा दोष नाही. रंगांचे, आकारांचे, नात्यांचे शब्द आपण वर्गात शिकवतो. वासाचे शब्द मात्र मूल घरीच शिकेल असे धरून चालतो. परसात जाईचा वेल आणि दिवाळीत घरी कुटलेले उटणे होते, तोवर ते शिकतही होते. आता वेल गेले आणि उटणे पाकिटातून येऊ लागले. जिथे शाळेची आणि बाजाराची भाषा मराठी नाही, अशा आपल्या बृहन्महाराष्ट्रातील वस्त्यांत तर या शब्दांना टिकून राहायला फारच थोडी जागा उरली आहे. म्हणून गंधाचे शब्द आता जाणीवपूर्वक शिकवावे लागतील, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

वास, गंध आणि परिमळ

'वास' हा शब्द मुळात तटस्थ. 'सुवास' आणि 'सुवासिक' यांत त्याची चांगली बाजू टिकली आहे. पण बोलताना नुसते 'वास येतोय' म्हटले की ऐकणारा नाकाला पदर किंवा रुमाल लावतो. बाकीचा अर्थ क्रियापद ठरवते. फोडणीचा वास 'सुटतो', कपाटातल्या कपड्यांना केवड्याचा वास 'लागतो', नासलेले दूध वास 'मारते'. नाम एकच, पण क्रियापद बदलले की त्याची प्रतिष्ठा बदलते.

'गंध' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत : नाकाला कळणारा गुण आणि कपाळी लावायचे उगाळलेले चंदन. गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य या पंचोपचारांपैकी पहिले तीन मुख्यतः नाकाचेच विषय आहेत. शिवाय 'त्याला गाण्याचा गंधही नाही' किंवा 'तिला याची गंधवार्ताही नव्हती' असे आपण म्हणतो, तेव्हा गंध म्हणजे ज्ञानाचा अगदी पहिला, पुसट अंश ठरतो.

'परिमळ' हा शब्द मराठीत ज्ञानेश्वरीपासून आहे. आज आपण तो 'सुगंध' याला काव्यमय पर्याय म्हणून वापरतो. अमरकोशात मात्र त्याचा अर्थ अधिक नेमका आहे : घासल्याने, मर्दनाने उत्पन्न होणारा मनोहर गंध तो परिमल, आणि दूरवर पसरणारा तो आमोद. सहाणेवर खोड उगाळल्यावर येतो तो परिमळ. हा अर्थ मनात धरला तर 'चंदनासारखे झिजणे' हा वाक्प्रचारही वेगळा वाटू लागतो. परिमळात झिजणे गृहीतच आहे.

दरवळणे आणि घमघमणे

या दोन क्रियापदांत व्याकरणाच्या अंगाने पाहण्यासारखे बरेच आहे. 'दरवळणे' याचा कर्ता गंध असू शकतो, फूल असू शकते आणि जागाही असू शकते : वास दरवळला, मोगरा दरवळला, अंगण दरवळले. गंध, त्याचा उगम आणि तो जिथे भरून राहिला ती जागा, तिघांनाही भाषा एकाच क्रियेत सामावून घेते.

'घमघमाट' या शब्दाची घडण वेगळी. लखलखाट, चकचकाट, गडगडाट, किलबिलाट या शब्दांशेजारी तो ठेवून पाहावा. लखलखाट डोळ्यांचा, गडगडाट कानांचा आणि घमघमाट नाकाचा. तिन्ही शब्द एकाच साच्यातले आहेत. घमघमाट म्हणजे दिपवणारा, दणकून येणारा वास. म्हणून केवडा घमघमतो. रात्री उशिरा येणारी जुईची मंद झुळूक घमघमत नाही. लेखकाने एवढा भेद पाळला तरी वर्णनात फरक पडतो.

आणखी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. नकोशा वासांसाठी मराठीत अचूक विशेषणे आहेत : जुन्या खोबऱ्याचा खवट, बंद खोलीचा कुबट, जळलेल्या दुधाचा करपट. खमंग, खरपूस ही विशेषणे स्वयंपाकघरातली. फुलांच्या वासाला मात्र 'मंद', 'उग्र', 'गोड' अशी दुसऱ्या इंद्रियांकडून उसनी घेतलेली विशेषणे लागतात. ही उणीव मराठीने फुलांच्या नावांनी भरून काढली आहे.

नाकाने केलेले वर्गीकरण

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने 'चाफा' नावाचे एक कूळ नाही. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, पांढरा चाफा कण्हेरीच्या, नागचाफा सुरंगीच्या, भुईचाफा हळदीच्या कुळातला. सोनचाफा या सर्वांहून निराळा. पांढरा चाफा तर मूळचा अमेरिका खंडातला. तरीही मराठीने या सर्वांना चाफ्याच्या घरात घेतले, ते मुख्यतः त्यांच्या वासामुळे. याउलट जाई, जुई, मोगरा, कुंद आणि कुसर ही शास्त्राच्या लेखी एकाच प्रजातीची, म्हणजे सख्ख्या नात्यातली; पण मराठीने प्रत्येकीला स्वतंत्र नाव दिले, कारण प्रत्येकीचा वास वेगळा. साबणाच्या वेष्टनावरचा 'जास्मिन' हा एकच शब्द या पाचही नावांची जागा घेतो, तेव्हा नुसता शब्द बदलत नाही, पाच वासांमधला भेद पुसला जातो.

'गुलाब' या शब्दाचा इतिहासही वर्गात सांगण्याजोगा आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तेव्हा 'गुलाब' म्हणजे मुळात गुलाबपाणी. आपल्याकडे ते नाव फुलाला चिकटले आणि पाण्यासाठी पुन्हा 'पाणी' जोडावे लागले. 'अत्तर' हा शब्द अरबीतून आला. पण अत्तरदाणी, गुलाबदाणी, अत्तराचा फाया हे शब्द हळदीकुंकवाच्या तबकात असे रुळले की त्यांना परके कोण म्हणेल?

उटण्याचा पाठ

'उटणे' हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन' यापासून आला. अर्थ, अंगाला चोळण्याचे चूर्ण. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगात तेल आधी आणि उटणे नंतर. त्यातली नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत : नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, चंदन, गुलाबपाकळी. यांत फुलाचा भाग एकच. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद आणि वाळा हे सारे जमिनीखालचे कंद आणि मुळे. याचे कारण साधे आहे. मोगऱ्याचा गंध फूल सुकताच उडून जातो, मुळांतली तेले मात्र सहज उडत नाहीत. वाळवून, कुटून, डब्यात ठेवली तरी वास राहतो. उटण्याला मातीच्या जवळचा वास येतो तो यामुळे.

फुलांत याला बकुळ हा अपवाद. ती सुकली तरी तिचा वास जात नाही. आठवणीचे रूपक म्हणून बकुळ मराठी लेखनात पुन्हा पुन्हा येते, त्यामागे हा प्रत्यक्ष गुणधर्म आहे. अबोलीची गोष्ट उलटी : रंग आहे, वास नाही, आणि नाव 'न बोलणारी'. गंध हे फुलाचे बोलणे असे मानणाऱ्या भाषेलाच हे नाव शोभते.

आपापल्या गावचे शब्द

आपली केंद्रे वेगवेगळ्या भाषांच्या शेजारात आहेत आणि या अभ्यासात तो शेजार उपयोगी पडतो. गोव्यात बकुळीला 'ओवळ' म्हणतात आणि माळलेल्या फुलांच्या सराला 'फाती'. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात जाईच्या फुलांची 'जायांची पूजा' होते. बेळगावच्या फूलबाजारात अबोलीला 'कनकांबर', शेवंतीला 'सेवंतिगे', चाफ्याला 'संपिगे' ही कन्नड नावे ऐकू येतात. आणि 'शिकेकाई'मधला 'काई' हा कन्नडमधला 'कायि', म्हणजे कोवळे फळ किंवा शेंग, हे तिथल्या विद्यार्थ्याला चटकन पटते. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथे प्रश्न लिंगाचा येतो. हिंदीत आणि गुजरातीत 'सुगंध' स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. त्यामुळे वहीत 'सुगंध पसरली' असे उतरते. नुसती लाल खूण करण्यापेक्षा दोन्ही भाषांची वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून दाखवली तर चूकही समजते आणि घराबाहेरच्या भाषेचा अवमानही होत नाही.

शिक्षकांसाठी तीन उपक्रम सुचवतो. पहिला : प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंना विचारून पाच सुवासिक वस्तूंची स्थानिक नावे, त्यांचा हंगाम आणि त्यांच्या वासासाठी त्या वापरतात ते क्रियापद लिहून आणावे. दुसरा : गजरा, वेणी, फाती, वळेसर यांपैकी आपल्या गावात कोणता शब्द चालतो आणि ते गुंफण्याची रीत कशी असते, हे फूलवालीला विचारून नोंदवावे. तिसरा : एका फुलावर दहा ओळी लिहाव्यात, त्यांत 'सुगंध' हा शब्द वापरू नये आणि फुलाचे नावही घालू नये. वर्गाने फूल ओळखले तर लेखन साधले.

पहिल्या दोन उपक्रमांतून जमणाऱ्या नोंदी प्रत्येक केंद्राने जपून ठेवल्या, तर काही वर्षांत महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचा एक छोटा गंधकोश तयार होईल. नागरमोथा आणि कचोरा ओळखणारी, त्यांचे प्रमाण हाताच्या अंदाजाने सांगणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. या नोंदी तिच्याकडूनच घ्यायच्या असल्याने काम येत्या दिवाळीच्या आधीच सुरू झालेले बरे.