पाहुणचाराचा खर्च : दुकानाचा आणि सरकारचा

लग्नाचा बस्ता बांधायला सेनगाव-कळमनुरीकडून मंडळी कापड दुकानात येतात तेव्हा त्यांना चहा-नाश्ता आणि वेळ झाली तर जेवणही द्यावे लागते. मेहमाननवाजी हा आपल्या व्यापाराचा जुना रिवाज आहे, त्यात गैर काही नाही. मात्र कोणताही दुकानदार हा खर्च डोळे मिटून करीत नाही. चाळीस हजारांचा बस्ता होणार असेल तर पाचशे रुपयांचे जेवण परवडते, दोन हातरुमालांसाठी परवडत नाही. रात्री गल्ला मोजताना ही रक्कम चहापाणी खात्यावर लिहिली जाते आणि या खात्याने काय मिळवून दिले हे वर्षअखेरीस पाहिले जाते. सरकारी महामंडळे उद्योगपतींचा पाहुणचार करतात, तेव्हा त्यांनाही हाच हिशेब लावता येतो काय, हे आज पाहू.

पैसा कोणाचा?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. उद्योगांना जमीन, रस्ते व पाणी पुरविणे हे त्याचे काम. त्याचे उत्पन्न मुख्यतः भूखंडांचे अधिमूल्य, पाणीपट्टी व सेवाशुल्क यांतून येते. म्हणजे हिंगोलीजवळच्या लिंबाळा औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार जी रक्कम भरतो, तीही याच तिजोरीत जमा होते. गुंतवणूकदारांसाठी भरविलेल्या परिषदा, भोजने व परदेशातील दालने यांचा खर्च याच तिजोरीवर पडतो. हा पैसा महामंडळाकडे अमानत आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

दावोसचे बिल

जानेवारी २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जागतिक आर्थिक मंचाची बैठक झाली. तेथे राज्याच्या शिष्टमंडळाची व्यवस्था पाहणाऱ्या स्काह या स्विस कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये महामंडळाला कायदेशीर नोटीस दिली. ३ कोटी ७५ लाख रुपये मिळाले, पण १ कोटी ५८ लाख रुपये थकले, असे कंपनीचे म्हणणे होते. ऑक्टोबरमध्ये ही बाब वर्तमानपत्रांत आली आणि राजकीय वाद झाला.

नोटीस म्हणजे निकाल नव्हे. पुरवठादाराने जादा बिल लावले असेल किंवा महामंडळाने पैसे अडविले असतील. त्या वादात आम्ही पडत नाही. व्यापाऱ्याच्या नजरेत येते ते एवढेच की, काम होऊन सात महिने लोटले तरी बिलाचा आकडा दोन्ही बाजूंना मान्य नव्हता. किती पाहुणे, किती खोल्या, किती ताटे आणि कोणत्या दराने, हे अगोदर कागदावर पक्के ठरले असते, तर वादाला जागा फार थोडी उरली असती.

नियम काय सांगतो?

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१ प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घेण्याजोगा आहे. त्याचा आशय असा : सामान्य शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जी दक्षता घेतो, तीच दक्षता अधिकाऱ्याने सार्वजनिक पैशाबाबत घ्यावी. प्रसंगाला लागेल त्याहून अधिक खर्च करू नये. ज्या खर्चाने स्वतःचाच लाभ होईल, त्याला मंजुरी देऊ नये. राज्याच्या कारभारासाठी मुंबई वित्तीय नियम, १९५९ आहेत आणि त्यांचेही तत्त्व हेच आहे.

उलट आमच्या चहाचा हिशेब सरकार किती बारकाईने मागते ते पाहा. पूर्वी प्राप्तिकर कायद्यात व्यापाऱ्याच्या आदरातिथ्याच्या खर्चावर मर्यादा होती. ती १ एप्रिल १९९८ पासून उठली. २००५ ते २००९ या काळात कंपन्यांच्या अशा खर्चावर वेगळा कर होता. आजही ग्राहकाला जेऊ घातले तर हॉटेलच्या बिलावरील जीएसटीची वजावट कापड दुकानदाराला मिळत नाही. एखाद्या ग्राहकाला शाल भेट दिली तर त्या शालीवरील वजावटही सोडावी लागते. आमच्या एका शालीचा हिशेब घेणाऱ्या सरकारने आपल्या मेजवानीचा हिशेब द्यावा, ही अपेक्षा वाजवी आहे.

हाती काय आले?

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' परिषद झाली. तीत ४,१०६ सामंजस्य करार झाले व १२ लाख १० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक येईल असे जाहीर झाले. दावोसला २०२४ मध्ये ३ लाख ५३ हजार कोटींचे करार झाले. पण सामंजस्य करार म्हणजे इरादा. आमच्या भाषेत सांगायचे तर गिऱ्हाईक "बघून जातो, पुन्हा येतो" म्हणाले, एवढेच. बोहणी झाली असे त्याला म्हणता येत नाही.

हिंगोलीला हा फरक लवकर कळतो. शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत आपल्या जिल्ह्याची नोंद उद्योगविरहित जिल्हा अशी आहे. आमचा कापूस गठाणी बांधून बाहेर जातो आणि इचलकरंजी, भिवंडी, मालेगावहून कापड होऊन आमच्याच दुकानात परत येतो. मधली मजुरी आणि मधला नफा बाहेर राहतो. यास्तव पाहुणचाराचे मोजमाप करारांच्या बेरजेने करू नये. किती कारखान्यांनी जमीन घेतली, किती सुरू झाले आणि किती हातांना काम मिळाले, हीच खरी मोजपट्टी होय.

पुरवठादार बांधवांसाठी

सरकारी कार्यक्रमांना शाली, मंडप व जेवण पुरविणारे आपल्यातलेच लोक असतात. समजा, एका कार्यालयाने परिषदेसाठी ३५० रुपयांच्या १०० शाली तोंडी सांगून मागविल्या. माल ३५,००० चा झाला. त्यावर ५ टक्के दराने १,७५० रुपये जीएसटी आला. बिल फाडले की हा कर भरावाच लागतो, कार्यालयाचे पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) नग, दर व एकूण रक्कम लिहिलेला, सही-शिक्क्याचा आदेश हाती आल्याशिवाय माल देऊ नये.

२) माल पोचल्याची सही चलनावर घ्यावी. ऐन वेळी वाढवून मागितलेल्या मालाचा आदेशही लेखी घ्यावा.

३) मंडप किंवा जेवणाची सेवा देणाऱ्या लघुउद्योजकाने उद्यम नोंदणी करावी. २००६ च्या कायद्याप्रमाणे त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येते.

४) नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती केवळ बँक कर्जातील प्राधान्यासाठी. म्हणून कापडवाल्याने पहिला नियम अधिकच कडकपणे पाळावा.

हिशेब कसा मागावा?

माहितीचा अधिकार कायदा, २००५ अन्वये दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास अपील करावे. "खर्च का केला?" असे विचारू नये, कागद मागावेत : मंजुरीचा आदेश, निमंत्रितांची संख्या, पुरवठादारांचे दरपत्रक, दिलेली व थकलेली बिले, आणि त्या परिषदेतील करारांपैकी प्रत्यक्ष सुरू झालेल्या उद्योगांची यादी.

२०२४ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत गुंतवणूक परिषदा झाल्या. अशा परिषदेचे निमंत्रण आपल्यालाही येते, व्यापारी बांधवांनी जरूर जावे, चहा घ्यावा, ओळखी कराव्यात. पाहुण्याला चहा पाजणाऱ्याला कोणी दोष देत नाही. पण तो चहा ज्यांच्या पैशाचा आहे, त्यांना वही उघडून दाखविणे हे यजमानाचे कर्तव्य आहे, आणि ती पाहायला मागणे हे आपले.